लाईट लावायची नाही

माझ्या उंदरांच्या अंगात घड्याळ नाही, असं एका शिकल्यासवरल्या माणसाने कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं, खाली सही केली, आणि त्या एका सहीने नागपूरच्या कॉलेजांतून माझं नाव पुसलं गेलं. याला आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, जाऊ द्या, सोडून द्या. ज्यांना नाव बापाकडून आयतं मिळतं त्यांना ते सोडणं सोपं जात असेल. माझं मी बेडूक पकडून मिळवलं होतं.

बेडूक ही थट्टा नाही. त्याआधी मी कापडाच्या गिरणीत होतो, तपासणी खात्यात. विणून आलेलं कापड टेबलावरून सरकत जायचं आणि त्यातली खोट शोधायची. एक धागा तुटलेला, दोन धागे ढिले, कुठे वीण तिरकी. बारा वर्षं डोळ्यांनी दुसरं काही केलं नाही. पाळ्या आठवड्याला बदलायच्या. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसा झोप यायची नाही आणि कामावर डोळे मिटायचे. कंपाउंडरने एक पांढरी गोळी दिली. गोळीने दिवसा दगडासारखा झोपलो, पण भूक जुन्याच वेळेला लागली, पोट जुन्याच वेळेला साफ झालं, अंग जुन्याच वेळेला जड झालं. तेव्हाच मला कळलं होतं की गोळी डोळे मिटते, आतलं घड्याळ सरकवत नाही. ते सरकतं उजेडाने. गिरणीचा भोंगा अख्ख्या शहराला ऐकू यायचा, फक्त माझ्या शरीराला ऐकू येत नव्हता.

गिरणीतल्या साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि बेडकांच्या धंद्यात पडलो. कॉलेजच्या पोरांना चिरायला बेडूक लागत. दुसरे लोक पोत्यात कोंबून आणायचे, अर्धे वाटेतच मरायचे. मी कळमेश्वरच्या बाजूच्या नाल्यांतून पकडायचो आणि ओल्या तरटात गवत घालून आणायचो. माझा एकही बेडूक मेलेला निघाला नाही. मग ससे आले, गिनीपिग आले, पांढरे उंदीर आले. नागपुरात गिट्टीखदान भागात घरामागे टिनाचं शेड टाकलं, उन्हाळ्यात त्याला वाळ्याचे पडदे लावले. माझ्या स्वतःच्या घराला पडदे नव्हते. मालाच्या भावाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे, आणि जनावराच्या बाबतीत कुणाला बोलायला जागा ठेवत नसे. मान्य पुरवठादारांची एक यादी असायची, ती बरीच कॉलेजं वापरायची. त्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर होतं. कोणाच्या ओळखीने ते तिथे चढलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली एका कॉलेजात नवे प्रोफेसर आले. पुण्याकडचे, गोरे, बारीक आवाजाचे. त्यांना पांढरे छोटे उंदीर हवे होते, सगळे नर, सगळे एका वयाचे. कशाला, असं मी विचारलं. पुरवठादाराने विचारायचं नसतं, पण मी विचारतो. त्यांनी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं; शिकवण्यात त्यांना तोड नव्हती, हे मी आजही कबूल करीन. म्हणाले, प्रत्येक जनावराच्या डोक्यात एक घड्याळ असतं. बाहेरचा उजेड ते रोज लावून घेतो. उंदराला पूर्ण अंधारात ठेवलं तर ते घड्याळ आपल्याच चालीने चालतं, आणि उंदराचा दिवस चोवीस तासांपेक्षा जरासा आखूड असतो. म्हणून तो रोज थोडा लवकर उठतो. आज संध्याकाळी सहाला, उद्या त्याच्या जरा आधी, परवा आणखी आधी. मनाच्या आजारावर लिथियमचं एक औषध देतात. त्या औषधाने ही चाल मंदावते का, हे त्यांना पाहायचं होतं.

मी म्हणालो, "सर, हे मी अंगावर काढलं आहे."

ते हसले. त्या हसण्यात तेव्हा मला काही दिसलं नाही.

त्यांनी खोली झकास केली होती. दोन दारं, मध्ये काळा पडदा, खिडक्यांना काळा कागद, कूलरच्या तोंडालाही उजेड अडवायला आतून काळं रंगवलेलं वळण. आत पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात एक चाक. उंदीर उठला की चाकात पळतो. चाक फिरलं की बाहेरच्या यंत्रावर कागदाला शाईची टिचकी लागते. रोजची पट्टी कापायची आणि कालच्या पट्टीखाली चिकटवायची. एका रांगेला साधं पाणी, दुसऱ्या रांगेला औषधाचं. खाणं-पाणी करताना फक्त लाल बत्ती, कारण उंदराला लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. भर दुपारी बाराला बाहेर रस्ता भाजत असताना मी त्या खोलीत गेलो, तर आत रक्तासारखा लाल अंधार आणि चाकांची कुरकुर.

खाणं-पाणी करायला एक बाई होत्या, विधवा, पन्नाशीच्या. नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर या रोजंदारीवर लागल्या आणि कायम होण्याची वाट पाहत होत्या. नरखेड तालुक्यातल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. माझ्यासमोरच सरांनी त्यांना बजावलं होतं, "मावशी, लाल बत्तीशिवाय आत लाईट लावायची नाही. काही झालं तरी लाईट लावायची नाही."

"नाही लावत, साहेब."

"शपथ घ्या."

"माह्या पोराची आन," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, "तुह्या उंदरापायी माह्या पोराची आन घ्या लागली, पाह्य गा भाऊ."

पाच-सहा महिने गेले. कधी दुसऱ्या खात्याला ससे द्यायला गेलो की मावशी भेटायच्या. तक्रार एकच, औषधाच्या रांगेतले उंदीर फार पाणी पितात आणि पिंजरा ओला करतात. "लय पेतेत बाप्पा. पेंढा बदलून बदलून हात दुखून राहिले." मी म्हणायचो, सरांना सांगा. त्या म्हणायच्या, त्यांना वासावरून कळत नाही काय.

दिवाळीच्या तोंडावर ते पत्र आलं. इंग्रजीत होतं, पण तेवढं इंग्रजी मी बेडकांच्या ऑर्डरी वाचून शिकलो होतो. पुरवलेले प्राणी सदोष आहेत, त्यांच्यात नैसर्गिक दैनंदिन लय आढळत नाही, मूळ जातीत भेसळ झाली असावी असा संशय आहे, सबब पुरवठादाराचं नाव यादीतून कमी करण्यात यावं. प्रत सगळ्या कॉलेजांना. माझ्यासारख्या माणसाला भाव जास्त म्हणा, तोंड वाईट म्हणा, चालतं. भेसळ म्हणायचं नाही. मी सायकल काढली, आणि कॉलेजात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता.

सर खोलीत एकटेच होते. टेबलावर पट्ट्यांचा मोठा कागद पसरलेला.

"भेसळ कोणी केली?" मी उभ्यानेच विचारलं.

"बसा."

"बसायला नाही आलो. भेसळ कोणी केली ते सांगा."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "हे पाहा तुमचे उंदीर. ही काळी रेघ म्हणजे उंदीर धावतोय. रोज कधी उठला ते इथून दिसतं. अंधारातल्या उंदराची ही सुरुवात रोज डावीकडे सरकायला हवी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. जगात सगळीकडे सरकते. तुमच्यांची पाहा. सरळ. रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला उठतात, हजेरी लावायला आल्यासारखे. औषधवालेही सरळ, बिनऔषधवालेही सरळ. माझे सहा महिने पाण्यात गेले."

"सरळ चालते, हा त्याईचा गुन्हा झाला काय?" राग आला की माझ्या तोंडातून घरचीच भाषा निघते.

"गुन्हा त्यांचा नाही. ज्याने बाजारातली कुठली तरी पिल्लं मिसळली त्याचा आहे."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण बोलता बोलता नजर कागदावर होती, आणि बारा वर्षांची सवय सुटत नाही. कापड सरळ विणलेलं होतं, वरपासून खालपर्यंत. फक्त मधे एका जागी पाच पट्ट्यांची वीण तिरकी होती. साध्या पाण्याच्या रांगेत पाच पायऱ्या स्पष्ट डावीकडे उतरत होत्या. औषधाच्या रांगेत त्याच पाच पट्ट्या अगदी किंचित कललेल्या. सहाव्या पट्टीपासून दोन्ही रांगा हळूहळू परत जागेवर यायला लागल्या होत्या.

"हे काय आहे?" मी बोट ठेवलं.

"पावसाळी हवा. कागद ओला झाला होता, यंत्र बिघडलं होतं."

"दोन रांगांचं यंत्र एकाच दिवशी बिघडलं अन् एकाच दिवशी सुधारलं?"

"तुम्ही आता जा."

मी तारखा वाचून घेतल्या आणि गेलो. पोळ्याच्या आदल्या दिवसापासूनचे पाच दिवस. पोळ्याला माझं शेड चालू होतं, वीज होती, इकडे नागपुरात पाऊसही असा फार नव्हता. मग त्या पाच दिवसांत उंदरांना घड्याळ कुठून आलं, आणि सहाव्या दिवशी कुठे गेलं? रात्रभर तेच डोक्यात. सकाळी मला आठवलं की पोळ्याला मावशी गावी गेल्या होत्या.

दुपारच्या सुट्टीत मावशी प्राणिघरामागच्या कडुलिंबाखाली डबा उघडून बसल्या होत्या. मी समोर बसलो.

"पोळ्याले किती दिवस होत्या गावाले?"

"दोन दिवसाची सुट्टी घेतली होती, पाच झाले. नदीले पूर आला, एष्टी बंद. काहून?"

"तुमच्या मागं खोलीत कोण जाये?"

"शिपाई जाये. दाणा टाके, पानी भरे, दार लावे. त्याले काय, तो त नाकाले रुमाल लावून जाये."

"अन् तुम्ही? तुम्ही गेल्यावर काय काय करता? मले पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सगळं सांगितलं. सकाळचा दाणा, पाणी, पेंढा. संध्याकाळी सुटायच्या आधी आत एक फेरी. पिंजरे पाहायचे, कोणी मेलं-बिलं तर नाही. मग दिवा लावायचा आणि निघायचं.

"दिवा?"

"हो. दिवेलागणीले जीव असलेलं घर अंधारात ठेवाचं काय? अन् हे त गणपतीचं वाहन. फळीवर एक पणती ठेवली आहे, थोडंसं तेल घालतो. हात जोडतो, गाऱ्हाणं घालतो, तेल सरेपर्यंत बसतो. पाव घंटा. मंग दार लावून घरी."

मी बोटांवर पोळ्याचे पाच दिवस मोजले. त्या घाबरल्या असाव्यात, कारण घास तसाच हातात राहिला.

"लाईट त म्या कधीच नाही लावली, भाऊ. पोराची आन. बटनाले हातबी नाही लावला."

आणि त्यांनी खरंच लावला नव्हता. लाईट म्हणजे बटणाची, तारेची, सरकारची. दिवा म्हणजे दिवा. आमच्याकडे कोणालाही विचारा. लाईट गेली की दिवा लावा म्हणतात, म्हणजे त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सरांनी दाराला पडदे लावले, कूलरला काळा रंग दिला, लाल रंगाचाही हिशेब केला, आणि एका शब्दाची फट उघडी ठेवली. त्या फटीतून रोज संध्याकाळी पाव तास उजेड आत येत होता. तेवढा उंदरांना पुरला. लवकर सरकू पाहणाऱ्या घड्याळाला रोज त्याच वेळेला कोणीतरी हाताने धरून मागे ओढत होतं, दोन्ही रांगांच्या. मावशी पाच दिवस गेल्या, हात सुटला, घड्याळं आपल्या चालीने निघाली; औषध न घेतलेली भराभर, औषध घेतलेली सावकाश. सर जे इतके महिने शोधत होते ते त्या पाच पट्ट्यांत पडलं होतं, आणि त्यांनी ते ओल्या कागदावर ढकललं होतं.

"आता दिवा नका लावू," मी मावशींना म्हणालो.

"काहून? काही झालं काय?"

"काही नाही. मी पाहून घेतो."

मी पाहून घेतो, हे माझं वाक्य. आयुष्यभर वापरलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून सरांकडे गेलो. सौदा करायचा तर राग घरी ठेवून जायचं असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माल माझ्याकडे होता आणि गरज त्यांना होती. मी बसलो आणि म्हणालो, "सर, खोट कुठे आहे ते मला सापडलं. सांगतो. पण आधी मला दोन गोष्टी लिहून हव्यात. एक, माझी जनावरं निर्दोष आहेत, आणि ती चिठ्ठी जिथे जिथे भेसळीचं पत्र गेलं तिथे तिथे जाईल. दुसरी, खोट ज्याच्या हातून झाली त्याला तुम्ही कामावरून काढणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे खोट आहे ती तुम्हाला सापडली. मला नाही."

"सापडते कधी कधी."

"पंधरा वर्षं मी हा विषय करतो आहे."

"मी बारा वर्षं कापड तपासलं."

"हे कापड नाही हो." ते हसले, तेच पहिल्या दिवसाचं हसू, आणि या वेळी मला ते नीट दिसलं. "हे पाहा, तुम्ही मेहनती आहात, मला आदर आहे. पण प्रत्येकाने आपापल्या जागी असावं. उंदीर विकणाऱ्याने मला घड्याळ शिकवायचं, वर अटी घालायच्या, कॉटन मार्केटमध्ये संत्र्यांची बोली लावल्यासारख्या. तुम्ही बेडूक पकडायचात ना? तेच बरं होतं."

मी उठलो. एवढंच करायला हवं होतं, उठून बाहेर. चार दिवसांत त्यांनी मला बोलावलं असतं. पण तोंड माझं राहिलं नव्हतं.

"बेडूक पकडे म्हणून त डोळे आहेत मले! तुमच्या खोलीत रोज संध्याकाळी दिवा लागते, दिवा! पाव घंटा! पोळ्याचे पाच दिवस ते बाई गावी होती, नाही लागला, म्हणून तेवढी रेघ तिरकी गेली. आता पाहा तुमचा ओला कागद!"

सर कागदावर वाकले. बोटाने पट्ट्या मोजल्या, एकदा वरून, एकदा खालून. "पोळा," असं स्वतःशी म्हणाले. मूर्ख माणूस नव्हता तो. एका मिनिटात त्याला सगळं दिसलं, मला दिसलं होतं त्याहून जास्त दिसलं असेल. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी तिथे आहे हे तो विसरला होता.

"तिला सांगितलं होतं मी," ते म्हणाले.

"तुम्ही लाईट म्हणाले होते. दिवा नव्हते म्हणाले."

"त्या बाईला काय फरक कळतो त्यातला?"

"फरक तिलेच कळे. तुमाले नाही कळला."

"या तुम्ही," ते म्हणाले आणि शिपायासाठी घंटी वाजवली.

माल देऊन बसलो होतो, आणि समोरच्याच्या हातून एक अक्षर घेतलं नव्हतं. धंद्यात मी असं कधीच केलं नव्हतं.

त्या शनिवारी सरांनी मावशींना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. रोजंदारीला नोटीस लागत नाही. सरांनी अंधाराची खोली पुन्हा लावली, उंदीर पुण्याहून रेल्वे पार्सलने मागवले, आणि प्रयोग पहिल्यापासून केला. भेसळीचं पत्र मागे घेतलं नाही. मी चार वेळा गेलो. दोनदा भेटले नाहीत, दोनदा म्हणाले, पाहू.

मावशींकडे मी उशिरा गेलो. सांगायला लाज नाही, मला धैर्य होत नव्हतं. त्या दाराशीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"माह्या शेडमध्ये काम आहे," मी म्हणालो. "इतकेच उंदीर, इतकीच मेहनत."

"तुले म्या काहून सांगतलं?" त्या सुपातच पाहत म्हणाल्या. "तू इचारलं म्हणून. घरचा समजून. अन् तू जाऊन इकून आला."

"इकलं नाही, मावशी. राग आला, तोंडून निघून गेलं."

"म्हणजे फुकट गेलं." मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "एवढा मोठा सौदेबाज म्हणतेत तुले नागपुरात. माही नोकरी इकली त इकली, भावबी नाही आला रे तुले."

 

दीड-दोन वर्षांनी सरांचं संशोधन परदेशच्या मासिकात छापून आलं. त्याची प्रत खात्याच्या फलकावर लावली होती. मी स्टोअरच्या कारकुनाला घेऊन तिथे गेलो. हा बुटका, सतत पान खाणारा, सगळ्या याद्या त्याच्या हातात असत. त्याने बोट फिरवत वाचलं. पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, की सुरुवातीचा प्रयोग खोलीत अनवधानाने आलेल्या प्रकाशामुळे रद्द करावा लागला.

"पाहा!" मी म्हणालो. "प्रकाशामुळे. जनावरांमुळे नाही. आता माझं नाव यादीत घ्या."

"यात तुमचं नाव कुठे आहे?"

"नाव कशाला हवं? प्रयोग माझ्याच उंदरांवर होता."

"असं यात लिहिलेलं नाही. काढायच्या पत्रात तुमचं नाव आहे. घ्यायच्या कागदात नाही. मी काय करू सांगा." मग आवाज खाली करून, "भाऊ, तुम्ही नवीन अर्ज करा ना. दुसऱ्या कोणाच्या नावाने. घरात कोणी असेलच की."

शेवटी आभाराची यादी होती. खातेप्रमुखांचे आभार, यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे आभार, सहनशील पत्नीचे आभार. मी ती दोनदा वाचायला लावली. कारकून म्हणाला, "बाप्पा, आता पत्नीच्या जागी तुम्हाला बसवतील काय?"

पुण्याचे उंदीर उन्हाळ्यात पार्सलच्या डब्यात मरत होते, हे मला ठाऊक होतं. कॉलेजांना इथला माल लागणारच होता. मी घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी बायकोच्या माहेरच्या नावाने अर्ज केला. नमुन्याचे उंदीर गेले. तेच शेड, तीच पैदास, तेच वाळ्याचे पडदे. पास झाले. नवीन यादीत बायकोचं नाव आलं, वरून तिसरं.

बायको कमी बोलते. त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "म्हणजे आता धनीण मी ना?"

"कागदावर."

"कागदावरच त सगळं चालते तुमचं." दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता मावशींकडे गेली आणि त्यांना घेऊन आली. मी बोलावलं तेव्हा त्या आल्या नव्हत्या. ती गेली तर आल्या. शेडचं सगळं काम त्यांनी हातात घेतलं. माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी समोर असलो तरी बायकोला सांगायच्या, "त्याईले म्हना, चौथ्या पिंजऱ्याचं दार ढिलं आहे." मी तार घेऊन दार नीट करायचो.

पुढच्या वर्षी त्या सरांनीच आमच्याकडून उंदीर घेतले, नाव वेगळं असल्यामुळे. आणि हिवाळ्यात त्यांच्या सहीचं पत्र आलं. या पुरवठादाराचे प्राणी उत्कृष्ट असून त्यांची दैनंदिन लय अत्यंत स्वच्छ व नियमित आहे, इतर संस्थांनी येथूनच घ्यावेत. मी पत्र घेऊन शेडमध्ये गेलो. बायको दाणा मोजत होती, मावशी पेंढा बदलत होत्या. मी मोठ्याने वाचलं, इंग्रजी वाचून मराठी करत. किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती ते त्या दोघींना माहीत होतं.

मावशींनी ओला पेंढा टोपलीत दाबला, हात झटकले आणि बायकोला विचारलं, "त्यावर नाव कोनाचं आहे वं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "माहं."

"मंग बरं आहे," मावशी म्हणाल्या आणि पुढचा पिंजरा ओढला.